केंद्राची यादी, सोसायटीचा ठराव आणि भाड्याच्या घरातली रॉटवायलर

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रस्त्यावरील एका सोसायटीत लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्या दाम्पत्याकडे साडेतीन वर्षांची रॉटवायलर मादी आहे. करार २२ महिन्यांचा असून त्यातले ९ महिने संपले आहेत. घर घेताना घरमालकाला फोनवर कुत्रीविषयी सांगितले होते आणि त्यांनी हरकत नसल्याचे म्हटले होते. करारात मात्र प्राण्यांविषयी एक शब्दही नाही. मागच्या महिन्यात सर्वसाधारण सभेने "केंद्र सरकारने बंदी घातलेल्या २३ हिंस्र जातींचे कुत्रे आवारात ठेवता येणार नाहीत" असा ठराव केला, सेक्रेटरींनी घरमालकांना पत्र दिले आणि घरमालकांनी व्हॉट्सॲपवर कळवले की १५ दिवसांत कुत्री हलवा, नाहीतर घर सोडा. कुत्रीने आजवर कुणाला चावा घेतलेला नाही. या तिघांपैकी कायदा कुणाच्या बाजूने आहे, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली २३ वर्षे ठाण्यात सोसायट्यांचे आणि भाड्याच्या जागांचे दावे चालवतो आहे, आणि पाळीव कुत्र्यांची प्रकरणे त्यात दरवर्षी वाढत गेलेली मी पाहिली आहेत. तुमच्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल आणि ते दोन भाग एकाच दिशेने जात नाहीत, हे आधीच सांगतो. सोसायटीचा ठराव कायद्याच्या कसोटीवर टिकेल असे मला वाटत नाही. घरमालकांशी असलेले तुमचे नाते मात्र तुम्ही समजता तितके भक्कम नाही. माझ्याकडे येणारी बहुतेक कुटुंबे पहिल्या भांडणात सगळी ताकद घालवतात आणि दुसऱ्या बाजूने घर गमावतात.

आधी त्या यादीविषयी. केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने १२ मार्च २०२४ रोजी सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांना एक पत्र पाठवले. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये एका याचिकेवर, संबंधित निवेदनाचा तीन महिन्यांत निर्णय करावा असे केंद्राला सांगितले होते, त्यातून हे पत्र आले. पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, फिला ब्राझिलिएरो, डोगो अर्जेंटिनो, बोअरबोएल, कांगल, कॉकेशियन शेफर्ड, केन कोर्सो, रॉटवायलर अशा २३ जाती आणि त्यांचे संकर यांची आयात, पैदास व विक्री थांबवावी, स्थानिक संस्थांनी त्यांना परवाने देऊ नयेत आणि ज्यांच्याकडे असे कुत्रे आधीपासून आहेत त्यांनी त्यांचे निर्बीजीकरण करून घ्यावे, असा त्याचा आशय होता. शेवटचा मुद्दा नीट वाचावा. ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांनी तो सोडून द्यावा किंवा त्यांना घराबाहेर काढावे, असे त्या पत्रात कुठेही म्हटलेले नव्हते. म्हणजे पत्र आजही लागू आहे असे क्षणभर गृहीत धरले, तरी तुमच्यावर त्यातून फक्त निर्बीजीकरणाचे बंधन आले असते.

पण ते पत्र तसेच राहिलेले नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते रद्द केले. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचे म्हणणे ऐकले नाही आणि ज्या समितीच्या शिफारशीवर ते निघाले तिची रचनाही नियमांप्रमाणे नव्हती, ही त्यामागची मुख्य कारणे होती. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयातही ते बाजूला सारले गेले आणि मसुदा प्रसिद्ध करून जनतेच्या हरकती व सूचना मागवण्याची भूमिका केंद्राने घेतली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसे या पत्राचे झाले आहे. न्यायालयाने ते रद्द केले, तरी वाघबीळपासून नेरूळपर्यंत कितीतरी सूचनाफलकांवर ते अजून लटकते आहे. तुमच्या कमिटीला एकच प्रश्न लेखी विचारा, की ज्या बंदीचा ठरावात उल्लेख आहे तिच्या आज अमलात असलेल्या अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख द्यावी. माझ्या अनुभवात या प्रश्नाला बहुधा उत्तर येत नाही, आणि ते न येणे हा पुढे तुमच्या फाइलमधला सर्वांत उपयोगी कागद ठरतो.

ती यादी घाईत केली होती हे ती वाचतानाच कळते. तीत 'तोसा इनू' एकदा आहे आणि 'जपानी तोसा' पुन्हा वेगळा आहे, वास्तविक ती एकच जात. 'टेरियर' आणि 'मॅस्टिफ' असे मोघम शब्द आहेत. कोणता टेरियर, हे न सांगितल्यामुळे पर्समध्ये मावणारा यॉर्कशायर टेरियरही अक्षरशः अर्थाने हिंस्र ठरतो. आपल्या गल्लीतला कुणी मिश्र रक्ताचा कुत्रा या यादीतल्या जातीचा संकर आहे की नाही, हे सेक्रेटरी त्याच्या जबड्याकडे पाहून ठरवणार असतील, तर तो कायदा राहत नाही, अंदाज होतो.

जातीवरून स्वभाव ठरतो का, यावर २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अमेरिकेतील १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांकडून वर्तनाची माहिती घेऊन आणि त्यांतील दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचा डीएनए तपासून संशोधकांनी असे दाखवले, की एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्या कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातील जेमतेम ९ टक्के जातीवरून समजावता येतो. शितावरून भाताची परीक्षा करता येते, पण सबंध भातावरून एका शिताची परीक्षा करायला निघालो की असे फसायला होते. नेदरलँड्समध्ये १९९३ पासून पिटबुलवर बंदी होती, पण चाव्यांचे प्रमाण घटले नाही म्हणून २००८ मध्ये सरकारने ती मागे घेतली. ब्रिटनने उलटी वाट धरली. तेथे १९९१ च्या कायद्यात चार जाती होत्या आणि त्यांत एक्सएल बुलीची भर पडली; डिसेंबर २०२३ च्या अखेरीस तिच्या विक्रीवर बंदी आली आणि फेब्रुवारी २०२४ पासून सूट-प्रमाणपत्राशिवाय ती पाळणे गुन्हा झाले. आपल्याकडे लखनौमध्ये जुलै २०२२ मध्ये पिटबुलने घरातल्याच ८२ वर्षांच्या महिलेचा जीव घेतल्यानंतर वातावरण तापले आणि त्याच वर्षी गाझियाबाद महापालिकेने पिटबुल, रॉटवायलर व डोगो अर्जेंटिनो यांवर बंदी घातली.

हे सगळे सांगतो आहे म्हणून तुमच्या शेजाऱ्यांची भीती निराधार आहे, असे मात्र समजू नका. पूर्ण वाढलेली रॉटवायलर ४० किलोंच्या आसपास असते, आणि तिने एकदा जरी दात लावले तरी तो पॉमेरियनचा चावा नसतो. चावण्याची शक्यता जातीवरून सांगता येत नसली, तरी चावल्यास किती इजा होईल हे अंगकाठीवरून नक्की सांगता येते. लिफ्टचे दार उघडल्यावर समोर तुमची कुत्री पाहून दोन पावले मागे सरणाऱ्या आजींना 'सायन्स'मधला अभ्यास दाखवून उपयोग नाही.

आता सोसायटीच्या अधिकारांकडे येतो. महाराष्ट्रातील गृहनिर्माण सोसायट्यांसाठी असलेल्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे बायलॉजमध्ये, कुत्रा पाळण्यावर बंदी घालणारे कलम नाही. इतर सभासदांना उपद्रव, त्रास किंवा गैरसोय होईल असे काही सभासदाने करू नये, असे कलम मात्र आहे, आणि खरी लढाई त्याच कलमावर होते. सर्वसाधारण सभेला वाटले म्हणून ठराव करून नवा निर्बंध उपविधीइतका बंधनकारक होत नाही. सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १३ प्रमाणे उपविधीतील दुरुस्ती निबंधकांकडे नोंदली जाईपर्यंत ती वैध नसते. "सभेत हात वर झाले, आता विषय संपला" ही आपल्याकडची समजूत चुकीची आहे. दुरुस्ती नोंदवली तरी ती देशाच्या कायद्याला धरून हवी, हा पुढचा प्रश्न राहतोच.

भारतीय पशुकल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी रहिवासी संघटनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येणार नाही, लहान कुत्रा चालेल आणि मोठा चालणार नाही असा भेद करता येणार नाही, लिफ्टसाठी वेगळे शुल्क घेता येणार नाही, सामायिक जागेत पट्टा लावण्याचा आग्रह धरता येईल पण मुसक्याची सक्ती करता येणार नाही, असे त्यांत म्हटले आहे. या सूचना म्हणजे संसदेने केलेला कायदा नव्हे. त्यांचे वजन सल्ल्याचे आहे. म्हणून "मंडळाच्या सूचनांचा भंग केला, आता तुम्हाला अटक करवतो" अशी भाषा कमिटीशी वापरू नये. तसे लिहिलेली पत्रे मी पाहिली आहेत आणि ती लिहिणाऱ्याचेच हसे करतात. अधिक वजनदार आधार केरळ उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालात आहे. रहिवाशाला आपल्या घरात आवडीचा प्राणी ठेवण्यास सरसकट मनाई करणारी उपविधी किंवा करारातील कलमे निरर्थक आणि अंमलात न आणण्याजोगी मानावीत, असे त्या खंडपीठाने ठरवले, आणि त्याच वेळी वाजवी अटी घालण्याची मुभा संघटनांना ठेवली. केरळचा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, तरी तो मान देऊन वाचला जातो. संविधानाच्या कलम ५१-अ (छ) मधील प्राणिमात्रांविषयी दया बाळगण्याचे मूलभूत कर्तव्य हा त्या निकालाच्या विचाराचा एक पाया आहे.

एक गोष्ट जाता जाता स्पष्ट करतो, कारण गेल्या वर्षभरात दर दुसरा माणूस ती मिसळतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेले आणि त्याच महिन्यात सुधारलेले आदेश, तसेच २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम, हे मुख्यत्वे भटक्या कुत्र्यांविषयी आहेत. तुमच्या घरातल्या, परवाना घेतलेल्या कुत्रीला ते लागू करू पाहणाऱ्याला शांतपणे तो फरक दाखवावा.

तर सोसायटीच्या बाबतीत तुमची बाजू चांगली आहे. पण सोसायटीचा सभासद कोण आहे? तुमचे घरमालक. सोसायटी तुमच्याशी नव्हे, त्यांच्याशी बोलते, त्यांच्या बिलावर दंड चढवते आणि त्यांना नोटिसा पाठवते. आता मी सुरुवातीला म्हटलेल्या दुसऱ्या भागाकडे येतो.

तुम्ही स्वतःला भाडेकरू म्हणता, आणि बोलीभाषेत ते बरोबरच आहे. कायद्याच्या भाषेत मात्र तुम्ही 'परवानाधारक' आहात. ठाणे आणि नवी मुंबईत आज भाड्याने दिली जाणारी जवळपास प्रत्येक सदनिका लिव्ह अँड लायसन्सवर जाते, आणि तसा परवाना म्हणजे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ प्रमाणे जागा वापरण्याची केवळ अनुमती असते. जागेत कोणताही हक्क त्याने निर्माण होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये भाडेकरूला जे संरक्षण आहे, म्हणजे कलम १६ मध्ये दिलेल्या ठरावीक कारणांशिवाय ताबा घेता येत नाही, ते पागडीच्या किंवा जुन्या भाडेपट्ट्याच्या जागेत राहणाऱ्याला मिळते. तेथेसुद्धा शेजाऱ्यांना उपद्रव देणे हे ताबा घेण्याचे एक कारण आहेच. तुमच्यासाठी त्या कायद्यातले महत्त्वाचे कलम २४ आहे, आणि ते घरमालकाच्या बाजूचे आहे. परवान्याची मुदत संपली की परवानाधारकाने जागा सोडायची. न सोडल्यास घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने रक्कम मागू शकतो. मुदत संपल्यावर करार पुन्हा का केला नाही, याचे कारण त्याला द्यावे लागत नाही. कुत्रा आवडत नाही एवढे कारणही पुरते, किंबहुना काही न बोलणेही पुरते.

इंग्लंडमध्ये २०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्याने प्राणी पाळण्याची विनंती घरमालकाने अवाजवी कारणाने नाकारू नये अशी तरतूद केली आहे. महाराष्ट्रात तसे कलम नाही. इंटरनेटवर वाचलेल्या परदेशी भाडेकरूंच्या हक्कांवर इथले घर टिकत नाही, हे मी दर पंधरा दिवसांनी कुणाला तरी समजावत असतो.

पण तुमची मुदत संपलेली नाही, १३ महिने उरले आहेत, आणि हा तुमचा खरा आधार आहे. मुदतीच्या आत घरमालक करार कसा संपवू शकतात, हे करारच सांगतो. ऑनलाइन नोंदणीच्या प्रचलित मसुद्यात साधारणतः असे असते की लॉक-इनच्या (ठरावीक काळ करार न मोडण्याच्या) अटीस अधीन राहून, परवानाधारकाने रक्कम थकवली किंवा कराराच्या अटींचा भंग केला, तर एक महिन्याची लेखी नोटीस देऊन परवाना रद्द करता येतो. त्याच मसुद्यात शेजाऱ्यांना उपद्रव न करण्याचे कलमही असते. तुमचा करार तसा असेल, तर १५ दिवसांचा व्हॉट्सॲप संदेश ही करारातली नोटीस ठरत नाही, आणि प्राण्यांविषयी करार गप्प असल्यामुळे कुत्री असणे हाच अटीचा भंग, असे म्हणता येत नाही. भंग दाखवायचा तर उपद्रव दाखवावा लागेल. चावा नाही, लेखी तक्रार नाही, नुसती जात आहे, अशा स्थितीत ते सोपे नाही. मात्र करारात "परवानाधारक सोसायटीचे सर्व नियम पाळील" असे कलम आहे का, ते आज रात्रीच पाहा. असल्यास घरमालक त्यावर बोट ठेवतील, आणि मग ठराव मुळात वैध नाही हा पहिल्या भागातला युक्तिवाद तुम्हाला इथे वापरावा लागेल.

फोनवरची संमती वाया गेली असे समजू नका. लेखी करार ज्या विषयावर गप्प आहे, त्या विषयावर त्याच्याशी विसंगत नसलेले तोंडी ठरलेले सिद्ध करता येते, हे तत्त्व जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ९२ मध्ये होते आणि नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. सिद्ध कशाने करणार, हा प्रश्न. घर पाहायला आलात त्या आठवड्यातील एजंटाशी झालेले संदेश, "डॉगी पण आहे ना तुमची" असे घरमालकांचे एखादे वाक्य, ते घरी आले असता कुत्रीसह काढलेला फोटो, यांपैकी काहीही जपून ठेवा. एका प्रकरणात माझ्या पक्षकाराला घरमालकांनी दिवाळीला पाठवलेला "फटाक्यांपासून ब्रूनोला सांभाळा" एवढाच संदेश कामी आला होता.

कुलूप बदलणे, पाणी किंवा वीज तोडणे, वॉचमनला सांगून गेटवर अडवणे, यांपैकी काही झाले तर थांबू नका. मुदत संपल्यावरसुद्धा घरमालकाने स्वतःच्या हाताने सामान बाहेर काढायचे नसते, त्यासाठी कलम २४ चा रस्ता दिलेला आहे. मुदत चालू असताना तर प्रश्नच नाही. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मागा. कुणी कुत्रीला विष घालण्याची किंवा मारण्याची धमकी दिली तर तीही तक्रारीत लिहा. प्राण्याला ठार मारणे किंवा जायबंदी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे.

कुत्री 'कुठेतरी सोडून देण्याचा' विचार मात्र मनातही आणू नका, आणि कुणी तसे सुचवले तर ते लेखी द्यायला सांगा. नेरूळमधील एका कुटुंबाने २०२४ च्या एप्रिलमध्ये, पत्र रद्द झाल्याची बातमी पोहोचण्याआधी, कमिटीच्या दडपणाखाली आपला पिटबुल कर्जतकडच्या एका ओळखीच्या फार्महाऊसवर ठेवला. महिनाभराने ते परत आणायला गेले, तेव्हा तो तेथे नव्हता, आणि तो कुठे गेला हे सांगणारेही कुणी नव्हते. उपासमार होईल अशा परिस्थितीत प्राणी टाकून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात गुन्हा आहे. त्याचा दंड पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये आहे, म्हणजे आज कटिंग चहाचे पैसे. तरी गुन्हा तो गुन्हाच.

आता तुमच्या बाजूच्या जबाबदाऱ्या, कारण न्यायालयात तुमचा कायदा जितका पाहिला जातो तितकीच तुमची वागणूकही. माणसाच्या जीवाला किंवा अंगाला धोका होईल अशा रीतीने आपल्या ताब्यातील जनावराबाबत हयगय करणे हा न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे नुसते पुस्तकातले कलम नाही. मुंबईतील एका दंडाधिकारी न्यायालयाने २०२३ मध्ये एका रॉटवायलरच्या मालकाला, २०१० मधील चाव्याबद्दल, तीन महिन्यांची शिक्षा दिली. आणि २०२५ मध्ये वरळीतील एका प्रकरणात, लहान मूल घाबरते म्हणून थांबायला सांगणाऱ्या शेजाऱ्याला लिफ्टमधून ओढून काढणाऱ्या आणि त्या झटापटीत ज्याचा कुत्रा चावला अशा मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली. तो कुत्रा हस्की होता, आणि केंद्राच्या २३ जातींच्या यादीत हस्की नाही.

म्हणून लिफ्टचा नियम स्वतःच करा. आत कुणी असेल आणि त्याला नको असेल, तर पुढच्या लिफ्टची वाट पाहा. पट्टा आखूड धरा. लांब सुटणारा रिबिनीचा पट्टा पार्किंगमध्ये वापरू नका. मुसक्याची सक्ती सोसायटी करू शकत नाही, हे मी वर लिहिले. तरी गर्दीच्या वेळी जाळीचे मुसके स्वतःहून लावावे असे माझे स्पष्ट मत आहे. काही प्राणिमित्र माझ्यावर यासाठी रागावतात. पण सकाळी शाळेच्या बसच्या वेळी मुसके लावलेली रॉटवायलर दहा तक्रारी होण्याआधीच मिटवते, आणि हा हिशेब मी अनेक प्रकरणांत केलेला आहे.

भुंकण्याच्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा कुत्र्यात नसून आपल्या वेळापत्रकात असते. दोघेही सकाळी आठच्या लोकलने जाणार, कुत्रा दिवसभर गॅलरीत, समोरच्या टॉवरवरची कबुतरे त्याच्या नजरेसमोर, आणि मग वरच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ चिडले म्हणून त्यांना प्राणिद्वेष्टे म्हणायचे, हे मला पटत नाही. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हीदेखील १९६० च्या त्याच कायद्याप्रमाणे क्रूरता आहे, हे पाळणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना माहीत असते. दुपारी फिरवायला माणूस ठेवा आणि गॅलरीचे दार बंद ठेवून जा.

कागदांची फाइल अशी असावी. महापालिकेचा श्वान परवाना, आणि त्याचे वेळेवर नूतनीकरण. ठाण्यात ठाणे महापालिका, वाशी-नेरूळला नवी मुंबई महापालिका. खारघर-कामोठ्याचे लोक सवयीने नवी मुंबईकडे जातात, पण ते पनवेल महापालिकेच्या हद्दीत येतात. रेबीजच्या लसीकरणाचे पुस्तक, निर्बीजीकरणाचा दाखला, आणि पशुवैद्याचे तपासणीचे एक साधे पत्र, ज्यात तपासताना कुत्री शांत राहिली असे त्यांनी स्वतःच्या अनुभवाने लिहिलेले असेल. प्रशिक्षण दिले असेल तर त्याची पावती. काही विमा कंपन्या पाळीव कुत्र्याचा विमा देतात आणि त्यात तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेच्या भरपाईचा समावेश करता येतो. घरमालकांच्या मनातली खरी भीती बहुधा तीच असते, की काही झाले तर माझ्यावर येईल. ते विमापत्र त्यांच्या हातात ठेवणे हे दहा कलमे ऐकवण्यापेक्षा परिणामकारक ठरते. आणि ज्या शेजाऱ्यांना तुमची कुत्री ठाऊक आहे त्यांच्यापैकी चार-पाच जणांकडून दोन ओळी सहीनिशी घ्या.

पुढच्या १५ दिवसांत काय करायचे, ते आता सांगतो. घरमालकांना आजच, वकिलाच्या लेटरहेडशिवाय, साधे पत्र लिहा. त्यांच्या संमतीची आठवण द्या, करारातील मुदत व नोटिशीचे कलम दाखवा, फाइलच्या प्रती जोडा आणि सोसायटीशी तुमच्या खर्चाने पत्रव्यवहार करण्याची तयारी दाखवा. घरमालक तुमचे शत्रू नाहीत, ते मध्ये अडकले आहेत. सोसायटीला उत्तर देण्याचे ओझे तुम्ही उचलले की त्यांतले निम्मे तरी शांत होतात. दुसरे पत्र कमिटीला, शक्यतो घरमालकांच्या सहीने, कारण सभासद ते आहेत. त्यात अधिसूचनेचा क्रमांक विचारा, कलम १३ कडे लक्ष वेधा, आणि पट्टा, लिफ्ट व स्वच्छता याबाबत तुम्ही स्वतः कोणते नियम पाळाल ते लिहून द्या. उत्तर आले नाही किंवा दंड लावला, तर उपनिबंधकांकडे तक्रार, आणि त्यापुढे सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात वाद दाखल करण्याचा मार्ग आहे. तो वेळखाऊ आहे, तारखा पडत राहतात, म्हणून शक्य तोवर पत्रावरच निभावून न्यावे असा माझा सल्ला राहील.

आणि करार पुन्हा करण्याची वेळ येईल तेव्हा ताकाला जाऊन भांडे लपवू नका. कित्येक जण कुत्रा नातेवाइकांकडे ठेवून घर पाहायला जातात आणि सामान लावून झाल्यावर त्याला आणतात. अशी प्रकरणे माझ्याकडे आली की मी आधी हात जोडतो. मुदत संपण्याच्या तीन महिने आधी घरमालकांशी बोला आणि नव्या करारात पुढील आशयाचे कलम घालून घ्या:

"परवानाधारकांकडे रॉटवायलर जातीची, निर्बीजीकरण केलेली एक पाळीव कुत्री असून परवाना देणाऱ्यांना त्याची पूर्ण कल्पना आहे व ती सदर जागेत ठेवण्यास त्यांची संमती आहे. सदर कुत्रीमुळे जागेचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई, तसेच कोणास इजा झाल्यास त्याची जबाबदारी परवानाधारकांची राहील. केवळ तिच्या जातीच्या कारणावरून, अथवा सोसायटीच्या निबंधकांकडे न नोंदलेल्या ठरावावरून, हा परवाना मुदतीपूर्वी रद्द केला जाणार नाही."

कलम २४ च्या स्पष्टीकरणाप्रमाणे लेखी करारात नमूद केलेली वस्तुस्थिती हा निर्णायक पुरावा मानला जातो. आज ती तरतूद घरमालकाच्या उपयोगी पडते. हे कलम लिहून घेतले की तीच तुमच्याही उपयोगी पडेल. यासाठी घरमालकांनी डिपॉझिट थोडे वाढवून मागितले, तर पाच मिनिटे घासाघीस करा आणि द्या. नोंदणीच्या दिवशी अंगठा लावण्यापूर्वी मसुद्यातले ते कलम स्क्रीनवर स्वतः वाचा. एजंटाने "टाकलंय, टाकलंय" असे सांगितलेले आणि प्रत्यक्षात नसलेले कलम माझ्या कार्यालयात गेल्या वर्षात तीन वेळा आले आहे.